मॅडमची खिडकी

तुम्ही घरचीच माणसं, म्हणून सांगते. नाहीतर हा किस्सा मी कोणापुढे काढत नाही. आणि आधी ते चहाचे कप खाली ठेवा बघू! मागच्या वेळी सांगितला तेव्हा माझ्या जावेच्या नाकातून चहा आला होता. हसायचंच असेल तर भिंतीकडे बघून हसा. माझ्याकडे बघून नको.

तर मी मुळात संशयी बाई. यात लाजण्यासारखं काय आहे? कोणीतरी असावं लागतं. शेजारीण पुरणपोळी घेऊन दारात आली, की मी पोळीच्या आधी तिच्या चेहऱ्याकडे बघते. नक्की काय हवंय हिला? मिक्सरचं भांडं, की आमची पार्किंगची जागा? स्वारगेटला एकदा एक रिक्षावाला पहिल्याच शब्दाला मीटरने यायला तयार झाला. मी बसलेच नाही! पुण्यात? मीटरने? पहिल्याच शब्दाला? काहीतरी गडबड असणार हो!

देवाने नोकरीही अगदी स्वभावाला साजेशी दिली. धायरीत पंपांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथले चाळीस संगणक माझ्या ताब्यात. आडनाव सहस्रबुद्धे, पण एवढं लांब कोण म्हणणार? सगळे 'मॅडम'च म्हणतात.

आता आमच्याकडची पद्धत सांगते. कोणाला आपल्या संगणकावर नवीन काही बसवायचं असलं, की पडदा काळवंडतो आणि मधोमध एक चौकोन उगवतो. या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? हो की नाही? त्यात 'हो' म्हणायला पासवर्ड लागतो, आणि तो फक्त मला माहीत. मला, आणि यंदा ऑगस्टमध्ये ही सगळी यंत्रणा नव्याने बसवून दिली त्या कंपनीच्या माणसाला. हे 'आणि' जरा लक्षात ठेवा.

त्या चौकोनाला कारखान्यात नाव पडलंय 'मॅडमची खिडकी'. "मॅडम, तुमची खिडकी आलीय!" अशी हाक आली, की मी जाते आणि पासवर्ड टाकते. टाकण्याआधी तीन प्रश्न विचारते. कशाला हवंय? कोणी सांगितलं? आणि कालपर्यंत का नव्हतं लागत?

दरवर्षी गौरी-गणपतीला आम्ही सासरी, गुहागरकडे जातो. पन्नास माणसं जेवायला, आणि मोदकांना माझा हात. दरवर्षी नेमके दोन्ही हात उकडीत असताना फोन वाजतो. "मॅडम, तुमची खिडकी आलीय." सासूबाई विचारतात, "कसली गं खिडकी? आपल्याकडे तर सगळ्या उघड्याच आहेत." यंदा मात्र नवल झालं. सगळी रजा संपली, पण एक फोन नाही! मी सासूबाईंना म्हटलंसुद्धा, "माणसं सुधारली हो."

परत आल्यावरही तीन आठवडे शांतता. मधे दोघातिघांनी सांगितलं, खिडकी येत नाही म्हणून. मी म्हटलं, "येत नाही ना? मग तुम्हाला ते नकोच असेल." गेले बिचारे.

दसरा आठवड्यावर आला होता. बुधवारची सकाळ. माझ्या टेबलापाशी वानखडे येऊन उभे राहिले. वानखडे म्हणजे आमच्या तपासणी विभागातले, तिशीतले, अमरावतीकडचे गृहस्थ. बनवलेला प्रत्येक भाग मापात आहे की नाही, ते मशीनवर मोजणं हे त्यांचं काम.

"मॅडम, तुमची खिडकी येऊनच नाही राह्यली."

"येत नाही म्हणजे?"

"म्हणजे मी दाबून राह्यलो, अन् थे काही इचारूनच नाही राह्यलं. दहा खेपा दाबलं बाप्पा!"

हे 'बाप्पा' त्यांच्या तोंडात सारखं असतं. आनंद झाला तरी बाप्पा, ठेच लागली तरी बाप्पा. त्यांच्याकडे असंच बोलतात म्हणे.

एरवी मी त्यांनाही वाटेला लावलं असतं. पण शुक्रवारी एक मोठं गिऱ्हाईक माल तपासायला यायचं होतं. मोजणीच्या मशीनला नवा प्रोग्राम बसल्याशिवाय त्या गिऱ्हाइकाचे भाग मोजताच येणार नव्हते. आणि वानखड्यांची उमेदवारीची सहा महिन्यांची मुदत संपत आली होती. शुक्रवार नीट पार पडला तर कायम झाल्याचं पत्र, नाहीतर परतीचं तिकीट. आमचे मॅनेजर इनामदार साहेब तसं स्पष्ट बोलले होते.

मी गेले. दाबून पाहिलं. पडदा काळवंडला नाही. खिडकी नाही. नुसती एक इंग्रजी ओळ आली: हा प्रोग्राम तुमच्या प्रशासकाने अडवला आहे.

प्रशासकाने? अहो, प्रशासक म्हणजे मी! आणि मी तर कोणाला अडवलेलं नाही!

संगणक बंद करून चालू केला. वायर काढून लावली. शेजारच्या संगणकावर जाऊन पाहिलं. तीच ओळ. वरच्या मजल्यावर, स्टोअरमध्ये, ड्रॉइंगच्या खोलीत, तीच ओळ! चाळीसच्या चाळीस संगणक एका सुरात सांगत होते, की मॅडमने अडवलंय. आणि वानखडे माझ्या मागे मागे. "काहून असं झालं असंन मॅडम? काही समजून नाही राह्यलं बाप्पा."

दुपारी मी माझ्या टेबलावरून मुख्य यंत्रणा उघडली. सगळ्या संगणकांना कसं वागायचं ते तिथून ठरतं, नियमांची एक यादीच असते. मी वरून एकेक नियम तपासत आले. सगळे माझे, सगळे ओळखीचे. आणि तळाशी, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, कोणाचं तरी नाव.

मौर्य.

मी खुर्ची पुढे ओढली. मौर्य? आमच्या कारखान्यात मौर्य नावाचं कोणी नाही! नियम उघडून पाहिला. आत एवढंच: परवानगी विचारू नये, परस्पर नाकारावे. आणि तारीख? गणेश चतुर्थीचा आदला दिवस, संध्याकाळी पाच पंचेचाळीस. बघा म्हणजे! बरोब्बर मी रजेवर निघाले तो मुहूर्त साधला चोराने!

"काय दिसून राह्यलं मॅडम?" वानखडे खांद्यावरून डोकावले.

मी चटकन पडद्यापुढे फाइल धरली. "काही नाही. तुम्ही जा, मी बघते." तेव्हा ती फाइल धरली नसती ना, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण संशयी माणसाचा हात आधी झाकायला जातो, त्याला मी काय करू?

लगेच यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

"आपके यहाँ कोई मौर्य है?"

"मौर्या? हाँ मॅडम, था ना. आपके यहाँ शायद वही आया था. पिछले महीने छोड के गया."

"छोड के? कुठे... कहाँ गया?"

"पता नहीं मॅडम. अब तो फोन भी नहीं उठाता."

झालं! आणखी काय पुरावा हवा? नोकरी सोडली, फोन उचलत नाही, आणि जाता जाता आमच्या चाळीस संगणकांना कुलूप लावून गेला. वर स्वतःचं नाव लिहून! अट्टल गुन्हेगार सही सोडून जातात, हे मी मालिकांमध्ये पाहिलेलं आहे.

पण एकटा माणूस बाहेरून हे कसं करेल? आतलं कोणीतरी सामील हवंच. मी डोळे मिटून आठवायला लागले. ऑगस्टमध्ये तो मौर्य इथे बसला होता, तेव्हा त्याला चहा कोणी आणून दिला? वानखड्यांनी! खिडकी येत नाही म्हणून एवढा धोशा कोणी लावला? वानखड्यांनी! आणि दिवसभर मागे मागे फिरून मी काय शोधतेय ते कोण बघत होतं?

मी खाली गेटवर गेले. आमचे पोकळे मामा मूळ धायरी गावातले, वीस वर्षं गेटवर. त्यांना म्हटलं, "मामा, वही काढा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, पावणेसहाला, आत कोण कोण होतं?"

मामांनी बोट फिरवलं. "कोन नव्हतं. समदे साडेपाचला ग्येले. तुमीच हुता की मॅडम. सा वाजता भायेर पडला. हातात मोदकपात्र हुतं."

मी मनात म्हटलं, काय ही हिंमत! मी आत बसलेली असताना, माझ्या नाकासमोर, लांबून डाव साधला! तुम्ही हसताय? त्या वेळी हे मला अगदी तर्कशुद्ध वाटलं होतं.

तशीच इनामदार साहेबांच्या केबिनमध्ये. साहेबांचं घराणं सात पिढ्यांचं पुण्यातलं, त्यामुळे बोलणं मोजकं आणि धार लावलेलं. मी सगळं सांगितलं. मौर्य, सही, चहा, सगळं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मॅडम, तो नियम काढून टाका आणि कामाला लागा."

"साहेब! पुरावा आहे तो! हात लावला तर ठसे पुसले जातील!"

"मग शुक्रवारी गिऱ्हाइकाला काय दाखवू? ठसे?"

"मला उद्यापर्यंत वेळ द्या. आणि साहेब, वानखड्यांचं कायम करायचं पत्र तूर्त थांबवा."

"लेखी द्या."

दिलं! वानखडे यांच्याबाबत गंभीर संशय असल्याने त्यांचे पत्र थांबवावे, खाली माझी सही. साहेबांनी कागद घडी करून खणात टाकला. "उद्या दुपारी बारापर्यंत. त्यानंतर एक तर पुरावा जाईल, नाहीतर आपण." यातले 'आपण' म्हणजे कोण, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

घरी निघताना गेटवर थांबले. मौर्य पुन्हा आला तर? मी एक चिठ्ठी घेतली, पडद्यावर होतं तसंच्या तसं नाव इंग्रजीत उतरवलं आणि मामांच्या हातात दिली. "मामा, या नावाचा माणूस आला तर त्याला आत सोडायचं नाही. कोणीही सांगू दे. माझा हुकूम आहे."

मामांनी चिठ्ठी वाचली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा चिठ्ठी वाचली. "येला? येला सोडायचं न्हाई?"

"अजिबात नाही!"

"पक्कं?"

"मामा, फार धोकादायक आहे तो."

मामांनी हळूच दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. मला वाटलं, घाबरले.

गुरुवारी सकाळी कारखान्याशी पोचले तर गेटवर ही गर्दी! पाळीचे सगळे कामगार बाहेर उभे. काही हसताहेत, दोघेतिघे चांगलेच भडकलेत. मला बघितल्यावर गर्दी दुभंगली. समोर मामांचा तो काळा फळा, ज्यावर एरवी 'हेल्मेट घाला' लिहिलेलं असतं. त्यावर खडूने, सुवाच्य अक्षरांत:

'सूचना. मोरया यांस आत सोडू नये. हुकुमावरून, मॅडम.'

मी एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

मोरया.

एम, ओ, आर, वाय, ए. मोरया!

मामा पुढे आले. डोळे लाल, चेहरा रडवेला. "मॅडम, तुमचा हुकूम म्हनून म्या फळा लिवला. पन ह्यो तर आदीपास्नंच आत हाय! माज्या क्याबिनीत फोटू हाय, मशीन शॉपमंदी मूर्ती हाय. भायेर काडू का? काडतो. पन पाप कुनाला लागंल, तेवडं लिवून द्या."

तेव्हा, अहो तेव्हा मला आठवलं!

चतुर्थीचा आदला दिवस. पावणेसहा वाजलेले. कँटीनच्या बाईंकडून मागून घेतलेलं मोदकपात्र मांडीवर, बाहेर रिक्षा ठणाणा करतेय, आणि माझ्या मनात एकच विचार: यंदा उकडीच्या हातांनी फोन उचलायचा नाही म्हणजे नाही. गणपतीपुरती खिडकी बंदच करून टाकावी. विचारूच नका, परस्पर 'नाही' म्हणा! नियम केला. यंत्रणा नाव मागायला लागली. जे ओठांवर होतं ते टंकलं आणि पळाले. मनाशी म्हटलं होतं, विसर्जन झालं की काढू.

सगळ्या पुण्याचे गणपती विसर्जित झाले. माझा मोरया मात्र महिनाभर चाळीस संगणकांवर ठाण मांडून बसला होता!

आणि मी, जिने जन्मात हजार वेळा हा शब्द ओरडून घसा बसवलाय, ती इंग्रजीत दिसला म्हणून त्याला मौर्य समजून शोधत होते. माझ्या एका कानाशी वानखडे 'बाप्पा, बाप्पा' करत होते, समोर 'मोरया' लिहिलेलं होतं, तरी माझ्या डोक्यात दोन्ही जुळेनात! पूर्वी याच पुण्यात कोणी 'ध'चा 'मा' केला. मी 'मो'चा 'मौ' केला.

फळा पुसत मी आत पळाले. नियम काढला. वानखड्यांचा संगणक बंद करून चालू केला. त्यांनी दाबलं.

पडदा काळवंडला.

"आली! मॅडम, तुमची खिडकी आली बाप्पा!"

मी पासवर्ड टाकला. आयुष्यात पहिल्यांदा, एकही प्रश्न न विचारता.

प्रोग्राम बसत होता तेवढ्या वेळात वानखडे डोळे पुसत म्हणाले, "मले वाटलं मीच कायतरी उलटंसुलटं दाबलं. कालच आईले सांगून टाकलं फोनवर, का आता कायमचं काही खरं नाही म्हणून. मी वापस येतो म्हनलं."

हे ऐकलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाने काल आईला असं सांगितलं, आणि मी काल त्याच्याविरुद्ध सही करत होते! लपवून ठेवणं बरं वाटेना. मी म्हटलं, "वानखडे, चूक माझी होती. आणि काल मी तुमच्यावर संशय घेतला."

"माह्यावर? काहून?"

"तुम्ही त्या कंपनीच्या माणसाला चहा आणून दिला होता, म्हणून."

त्यांनी डोळ्यांवरचा हात काढला. "मॅडम, चहा तं मी तुमालेबी देतो."

मी तशीच उठले.

तिथून थेट साहेबांच्या केबिनमध्ये. मान खाली घालून म्हटलं, "साहेब, कालचा माझा कागद परत द्या. वानखड्यांचा काही दोष नाही."

साहेबांनी खण उघडला. कागद तशाच घडीत होता. "हा ना? वाचलेला नाही."

"वाचला नाहीत?"

"तुमचं लेखी आलं की मी दोन दिवस खणात ठेवतो. बहुतेक वेळा तुम्हीच परत न्यायला येता." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "गुन्हेगार सापडला?"

"हो."

"कुठे होता?"

"...मखरात."

शुक्रवार उत्तम पार पडला. भाग मापात निघाले, सोमवारी वानखड्यांना पत्र मिळालं. त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि माझ्या हातावर दोन ठेवले. मी कारणसुद्धा विचारलं नाही. मला वाटलं, संपलं. लोक विसरतील. माणसाने किती भोळं असावं!

दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या मशीनची पूजा असते, संगणकांनाही हळदकुंकू आणि झेंडूची माळ. सगळा कारखाना शॉपमध्ये जमलेला. साहेबांच्या हातात नारळ. पोकळे मामांनी नेहमीसारखी खणखणीत आरोळी ठोकली, "गणपती बाप्पाऽऽ..."

आणि शांतता.

एकही जण पुढचा शब्द म्हणेना! मी मान वर केली. सगळेच्या सगळे माझ्याकडे वळून उभे. वानखडे तोंडावर हात धरून, साहेब नारळ हातात तसाच धरून, चेहरा अगदी गंभीर.

मामांनी हात जोडले. "म्हनू का फुडचं, मॅडम? परवानगी हाय? हो का न्हाई?"

आणि मला, सगळ्या कारखान्यासमोर, मोठ्यांदा 'हो' म्हणावं लागलं.